भावाचा नंबर

"पोरीचा नंबर कावून द्यायचा?" म्हणत राजेश्वरनं बहिणीच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर दिला होता. पासवर्ड अडला की वर्षाराणी ओटीपीसाठी त्याच्यापुढं उभी. "थांब, आधी चहा टाक," तो म्हणायचा.

आज दुपारी केजला तिचा पेपर होता आणि हॉलतिकीट खात्यात अडकलेलं. "थांब, आधी त्या स्थळाला हो म्हन," असं म्हणत त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं. तिच्या हाताला वरवंटा लागला, तो तिनं त्याच्या कपाळात घातला.

खाली पडलेल्या भावाचा रक्ताळलेला अंगठा तिनं ओढणीनं पुसला आणि त्याच्याच फोनवर टेकवला. फोन उघडला. तिनं मागवलेला ओटीपी आलेला होता.

"वर्षे... पानी..."

"थांब दादा, आधी नंबर बदलू दे."