बर्फावरचा ब्रेक

“पेडलं दोनच? तिसरं कुठे गेलं?” हिल्काने खोक्यात डोकावत विचारलं.

लाहती शहरातल्या त्या दुकानात गाड्यांच्या व्हिडिओ गेमचं सामान एका भिंतीशी मांडलं होतं. स्टिअरिंगं, पेडलं, गिअरच्या दांड्या, बसायच्या सीटा. दुकानातल्या सानाने खोका आधीच काढून ठेवला होता, कारण हिल्काच्या मुलाने, आर्तोने, सकाळीच फोन करून सांगितलं होतं की आईचं वय झालंय, काहीतरी सोपंसं द्या.

“दोनच बरी पडतील, आजी. एक वेगाचं, एक ब्रेकचं. गिअर आपोआप बदलतात.”

“मी तुझी आजी नाही, हिल्का म्हण. आणि गिअर आपोआप बदलले तर मी काय हात बांधून बसू?”

सोबत आलेला आर्तो कसनुसा हसला. त्याचा बेत साधा होता. हिल्काची नात शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा गेमचा डबा घरीच राहिला होता. त्याला हे स्टिअरिंग जोडायचं, आईला टीव्हीपुढे बसवायचं आणि रविवारी गिऱ्हाईक येईल त्याला आईची कोठारातली हिरवी गाडी देऊन टाकायची. हिल्काच्या गावात बस येत नाही. किराण्याचं दुकान जंगलापलीकडे. गाडी गेली की तिला मीठ आणायलासुद्धा कोणाचं तरी तोंड बघावं लागणार होतं.

तिचं लायसन्स शरदातच गेलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवून दाखवायला पाठवलं, आणि ऐन चौकात एक सायकलवाला आडवा आला. हिल्काने ब्रेक दाबला तो डाव्या पायाने. तळ्याच्या बर्फावर गाडी शिकलेलं तिच्या पिढीतलं कोणीही तसाच दाबतं. उजवा पाय वेगावर, डावा ब्रेकवर, म्हणजे गाडी घसरली तरी हातात राहते. पण डांबरावर त्या पायाचा जोर भलताच लागला, आणि शेजारचा परीक्षक पट्ट्यात लटकला. वयामुळे पायांचा गोंधळ होतो, असं सांगून त्याने तिला नापास केलं. वय तिने कधीच नाकारलं नव्हतं. गोंधळ हा शब्द मात्र तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

तिने खोक्यातलं ब्रेकचं पेडल हाताने दाबून पाहिलं. “हा ब्रेक आहे की ओला स्पंज?”

सानाला आता मजा वाटू लागली असावी. ती आतून तीन पेडलांचा जड संच घेऊन आली. “यातला ब्रेक जागचा फारसा हलत नाही. तुम्ही किती जोर लावता त्यावर चालतो. पण कडक आहे हां.”

“गाडीचाही कडकच असतो.”

“बर्फावर मागची चाकं घसरवून वळायला हँडब्रेकही देऊ का?”

“तो नको. परीक्षेत बर्फ नसतो.”

आर्तोने मान वर केली. “कसली परीक्षा?”

“एप्रिलमधली. नाव देऊन झालंय माझं.”

तो तिच्याजवळ सरकला. “आई, पाय ऐकत नाहीत गं तुझे.”

“ऐकतात. माझ्याआधी ऐकतात, तेवढीच अडचण आहे.”

सानाने संच सीटपुढे बसवला. पडद्यावर बर्फातला रस्ता आला. हिल्का सीटवर बसली, बूट काढले. “तुला वाटेल तेव्हा थांब म्हण,” तिने सानाला बजावलं. गाडी निघाली. हातात स्टिअरिंग थरथरलं आणि तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती कशाला आली होती तेच विसरली.

“थांबा.”

गाडी थांबली. डाव्या पायाने. पुन्हा निघाली, पुन्हा तेच. तिला राग आला, तो स्वतःचाच. हा पाय म्हाताऱ्या कुत्र्यासारखा झाला होता, मालकाने शीळ घालायच्या आत उठणारा.

“बघितलंस?” आर्तो हळूच म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं, पण टोचलंच.

“तुझा मफलर दे.”

तिला थंडी वाजत असेल असं वाटून त्याने तो गळ्यातून काढून दिला. तिने वाकून डाव्या घोट्याला एक वेढा घातला, सीटच्या पायाभोवती दुसरा. गाठीपर्यंत हात पोचेना.

“बांध.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. बांध. घट्ट ओढ, भेटवस्तू बांधत नाहीयेस.”

आर्तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आईचा पाय बांधला.

“मग क्लच कसा दाबणार?” सानाने विचारलं.

“क्लच त्याला येतो. ब्रेक विसरायला शिकवायचाय. तोवर गिअर आपोआपच बदलू देत.”

गाडी निघाली. साना थांबा म्हणाली. मफलर ताणला गेला, उजवा पाय उशिरा उचलला गेला, आणि गाडी थेट बर्फाच्या ढिगात घुसली. पडदा पांढराफटक झाला.

“उशीर झाला,” आर्तो म्हणाला.

“झाला. पण उजवा होता.” तिने गाडी मागे घेतली. “रविवारी येणाऱ्याला कळव, गाडी विकायची नाही. आणि आता थांब तू म्हण. या पोरीला दुसरी गिऱ्हाइकं आहेत.”

तो उठून तिच्या सीटमागे उभा राहिला. झाडं भराभर मागे जात होती.

“थांब,” तो पुटपुटला.

“मोठ्याने,” हिल्काने वेग वाढवला. “इतक्या हळू सांगून मी आयुष्यात कधी थांबलेली नाही.”