सातव्या फोटोची संमती

"हिला घ्यायलाच हवं," जयंत म्हणाला आणि एकोणीस नंबरचं पाकीट त्याने टेबलाच्या मधोमध सरकवलं.

निवड समितीची प्रमुख मॉराग चकित झाली. हा कॉलेजात फोटोग्राफी शिकवणारा माणूस सकाळपासून प्रत्येक अर्जाला नाक मुरडत होता. नव्या छायाचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर २००८ची पाळी पोलंडची होती. ब्रिटनमध्ये राहणारे पाच पोलिश छायाचित्रकार एडिनबरातून निवडून पाठवायचे होते. चार ठरले होते, पाचव्यावर गाडी अडली होती.

पाकिटात हॉस्पिटलमधले बारा फोटो होते. ते काढणारी डोरोटा तिथे फरशी पुसायची. सातव्या फोटोत एक दाढीवाला माणूस कॉरिडॉरच्या खिडकीला कपाळ टेकून ढसाढसा रडत होता.

तो माणूस जयंतच होता. बायको गेल्यावर त्याने दाढी काढली, त्यामुळे मॉरागला ओळख पटली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नंदा त्याच हॉस्पिटलात होती. आता फार तर दोन आठवडे, असं डॉक्टरांनी जयंतला सांगितलं होतं. त्याने ते तिला कळू दिलं नाही. नर्सेसना बजावलं, पुण्याला तिच्या आईलाही फोनवर शपथ घातली. रोज हसत आत जायचा, तिच्याशी पत्ते कुटायचा आणि म्हणायचा, "दिवाळीला घरी जायचंय आपल्याला. कन्सल्टंटशी बोललोय मी." रडायचं ते बाहेर, दोन मिनिटं. मग तोंड धुऊन पुन्हा आत.

नंदा गेली त्या सकाळी तिच्या उशीखाली हा फोटो सापडला.

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. शेवटचे दिवस ती मरणाकडे डोळे लावून पडली होती, आणि जयंत शहाण्यासारखा आकाशकंदील कुठे टांगायचा ते ठरवत बसला होता. कुणीतरी चोरून फोटो काढला आणि वर तो नेऊन तिच्याच हातात दिला. जयंतने तेव्हाच डूख धरला. फक्त नाव ठाऊक नव्हतं, ते आज पाकिटावर मिळालं.

नुसतं नाकारून काय साधणार? उद्या ती दुसरीकडे अर्ज करेल. जो गुळाने मरतो त्याला विष कशाला? हॉस्पिटलातल्या प्रत्येक फोटोला लेखी संमती लागते आणि निवड झाली की ते कागद तपासतात. संमती नसेल तर निवड रद्द होते, वर युरोपातल्या सगळ्या सहभागी संस्थांना तसं कळवलं जातं. मग कायमची दारं बंद. आणि सातव्या फोटोसाठी आपण कुठेही सही केलेली नाही, हे जयंतइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणून तो अर्धा तास बोलला. उजेडाबद्दल बोलला, तिच्या धीराबद्दल बोलला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, याचा त्याला जास्तच संताप आला. शेवटी मॉरागने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डोरोटा फाइल घेऊन आली. हात फिनेलने लालसर झालेले. सफाईच्या एजन्सीशिवाय या देशात आपल्याला कुणी बोलावलंच नव्हतं, असं ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. जयंतने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं. मग तो खुर्चीत मागे टेकून बसला. मॉरागने एकेक कागद पाहिला. सहा फोटो झाले.

"हा सातवा," जयंत म्हणाला. "या माणसाची संमती आहे?"

"त्याची नाही," डोरोटा म्हणाली.

जयंतला वाटलं, दोन वर्षांनी आज पोटभर जेवण जाईल. मग हा फोटो चोरीचा ठरतो, असं त्याने अगदी शांतपणे सांगितलं. मॉरागनेही पेन खाली ठेवलं.

डोरोटाचा चेहरा पडला. तिने फाइलच्या मागच्या कप्प्यातून एक घडी घातलेला कागद काढला. हा एका पेशंटने दिला होता, ती म्हणाली. मजकूर त्या बाईच्या भाषेत होता आणि डोरोटाला तो कधी वाचता आला नव्हता. कुणी तुला दोष दिला तर हा दाखव, एवढंच ती बाई म्हणाली होती.

मॉरागने कागद उलगडून जयंतसमोर धरला. "ही तुझीच लिपी ना? काय लिहिलंय ते सांग. त्यावरच ठरवू."

अक्षर नंदाचं होतं.

"जयंत रोज मला दिवाळीला घरी नेतो, तेव्हाच मी समजले. त्याला खोटं कधी जमलंच नाही. माझ्यासमोर तो रडायचा नाही, आणि मला त्याला एकदा रडताना बघायचंय. म्हणून त्याचा फोटो काढायला या मुलीला मीच पाठवलं."