दोन रकाने

प्रश्न तीन भागांत होता. मोटरसायकलींच्या मानाने स्कूटरच्या अपघातांत माणसं जास्त मरतात, हे खरं आहे काय? असल्यास, त्याचा तपशील काय? आणि सरकार त्याबाबत काय करत आहे? उत्तर मंगळवारी संसदेत जायचं होतं आणि आज रविवार, म्हणून दिनकररावांनी फाइल घरी आणली होती.

सरोजिनीनगरच्या क्वार्टरच्या बाल्कनीत ऊन आलं होतं. दिल्लीचं डिसेंबरातलं ऊन, पाठ तेवढी तापते, पाय गारच राहतात. दिनकरराव खुर्चीत बसले होते, मांडीवर पाट, पाटावर फाइल. खाली चटईवर त्यांची बायको, अरुणाताई, मटार सोलत होत्या.

चोवीस वर्षं दिनकरराव केंद्राच्या एका खात्यात हेच करत आले. खासदारांनी विचारायचं, यांनी राज्याराज्यांतून आकडे मागवून उत्तर तयार करायचं. बहुतेक वेळा वरातीमागून घोडं. पण आकडा कधी चुकला नाही. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, पण दिनकरजींची बेरीज चुकायची नाही, असं ऑफिसात शिपायापासून सगळे म्हणत.

ही फाइल आली तेव्हा साहेब त्यांच्याकडे न बघताच म्हणाले होते, "दिनकरजी, ये किसी और को दे दूँ?"

"नहीं सर. बिल्कुल नहीं."

त्यांना वाटलं होतं, आकडे समोर आले की छातीत काहीतरी हलेल. जुलैपासून काही हललं नव्हतं. आकडे आले, बघून झाले, तरी काही नाही. आता त्यांना त्याचीच भीती वाटायला लागली होती.

जुलैत श्रीरंग गेला. एकुलता एक, तेवीस वर्षांचा. नोएडाच्या ऑफिसातून घरी येताना, दिल्लीत शिरल्यावर, स्कूटरचं पुढचं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं. तिथल्या तिथे. त्याला खरं तर मोटरसायकल हवी होती. स्कूटर घ्यायला लावली अरुणाताईंनी. "पुढे पत्रा, पायाखाली पत्रा, मागे स्टेपनी. आणि तुझ्या त्या मोटरसायकलला आहे काय? नुसता सांगाडा!" तो ऐकेना, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच ताट घेऊन आला. "चलो आई, तुझी स्कूटर. आता जेव तरी."

"काय आलंय उत्तर?" अरुणाताईंनी वर न बघता विचारलं.

"कशाचं?"

"तुमच्या प्रश्नाचं. काय सेफ, ते."

"राज्यांची माहिती यायचीय अजून."

"दिल्लीची आली असेल की."

दिल्लीची आली होती. दोन रकाने, एक स्कूटरचा, एक मोटरसायकलचा, जानेवारी ते ऑक्टोबर, दर महिन्याची एक ओळ. स्कूटरचा आकडा मोठा होता. खाली कुणीतरी हौसेने टीपही जोडली होती. स्कूटरचं चाक लहान, ते खड्ड्यात अडकतं. मोटरसायकलचं मोठं, ते निघून जातं. सकाळपासून दिनकररावांनी ती टीप चार वेळा वाचली होती.

"दिल्लीत वेगळे आकडे ठेवत नाहीत," ते म्हणाले. "दुचाकी म्हणून सगळं एकत्रच."

आणि म्हणाले तसं करूनही टाकलं. तक्ता अजून पेन्सिलीतच होता. त्यांनी दोन रकान्यांमधली उभी रेघ खोडली, वरची दोन्ही नावं खोडली आणि तिथे 'दुचाकी' असं लिहिलं. मग एकेका ओळीतले दोन आकडे मिळवून एक केला. बेरीज एकदा तपासूनही घेतली.

अरुणाताई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचे दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं पातेल्यात.

"दाखवा बघू."

अरुणाताईंनी कागद घेऊन उन्हात धरला. पेन्सिल खोडली तरी वळ राहतोच.

"पांघरूण घालणं तुम्हाला कधी जमलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्कूटरच."

दिनकरराव पाटावरची खोडरबराची भुकटी झटकू लागले.

"माझ्यामुळे गेला."

"अगं, खड्डा होता."

"खड्डा होताच. चाक मी निवडलं."

त्या रडल्या नाहीत. रडणं पहिल्या महिन्यातच संपलं होतं. खाली शेजारच्या वर्मांच्या मुलाने मोटरसायकलला किक मारली. ती कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत दोघं ऐकत बसले.

मग अरुणाताईंनी कागद पुन्हा पाटावर ठेवला आणि जुलैच्या ओळीवर बोट टेकवलं. बोटाला मटाराचा हिरवा डाग होता.

"ह्यात तो आहे?"

"आहे."

"एवढं सगळं खोडलंतच," त्या म्हणाल्या, "तर एक कमी करा ना."

"बेरीज चुकेल गं."

"चुकू दे."

दिनकररावांनी खोडरबर उचलला.