पर्चेबंदी

बायकोनं, मंजूषानं, अवधपुरीत घरगुती डब्याचं काम काढलं, पण गिऱ्हाईक एकही नाही. म्हणून मी पेपरात पर्चे टाकून वाटले. कॉलनीचे सेक्रेटरी नीळकंठकाका घरोघरचे पर्चे गोळा करून गठ्ठाच घेऊन दारात.

"ओंकार, कॉलनीत जाहिरातीचे पर्चे बंद! नियम आहे."

"चुकलं, काका. पण नियम लोकांना कळणार कसा? गेटागेटावर पाट्या लावा ना."

"खर्च तुझा बाप देणार?"

"मीच देतो."

काका खूश! रविवारी स्वतः शिडीवर चढून त्यांनी पाट्या ठोकल्या : 'पर्चे डालना सख्त मना है।' खाली, नेहमीप्रमाणे, खर्च करणाऱ्याचं नाव : 'सौजन्य से, मंजूषा टिफिन', आणि आमचा नंबर.

आता त्या पाट्यांवर कुणी आपला पर्चा चिकटवला, की काका तो खरवडून काढतात आणि आमचा नंबर पुसून लख्ख करतात.