जाळं ओढण्याचा व्यायाम

सरावलीच्या वृद्धाश्रमात व्यायामाचा तास सुरू झाला की बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. खांदे आखडत चालले होते. शेवटी त्यांच्या मुलीनेच, उन्नतीने, व्यायाम घेणाऱ्या सपनाला सुचवलं, "दातिवऱ्याचे तांडेल आहेत ते, मासेमारीची होडी चालवायचे. त्यांना जाळं ओढायला द्या."

सपनाने उशा भरलेल्या चादरीला जाड दोर बांधला आणि सगळ्यांना खुर्च्यांवर रांगेत बसवलं. दोर हातात येताच बाबा ताठ झाले. एकेकाळी त्यांच्याच होडीवर असलेल्या, आता कुणालाच न ओळखणाऱ्या हरेश्वरकाकांवर खेकसले, "ओढ रं! जेवला नाय काय?" सगळे हसले. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच बोलत होते. उन्नतीने डोळे पुसले.

चादर जवळ आली, तसे बाबांचे हात थांबले.

"देवू हाय," ते हळूच म्हणाले.

उन्नतीचा भाऊ देवू त्यांच्या होडीवरून समुद्रात पडला होता, तो सापडलाच नाही. तो येईल म्हणून आईने मरेपर्यंत दाराला कडी लावू दिली नव्हती.

"ओढा आजोबा, आलंच वर!" सपना टाळ्या वाजवत होती.

"नको. माशांनी तोंड ठेवला नाय त्याचा. त्याची आय बघल." बाबांनी दोर सोडला. "जाऊं दे पाण्यात."

हरेश्वरकाकांनीही मुठी उघडल्या.

"मग घरी काय सांगायचा, तांडेल?"

"गावला नाय, सांगायचा."