थांबली की मोकळं

"इग्निशनवर जोडू का?" केविननं विचारलं. "सोपं पडंल. चावी फिरवली की दारं बंद."

"नको," कारभारी म्हणाले. "गाडी पळतीय तवाच बंद पाहिजेत. थांबली की मोकळं."

"मग मागच्या दाराला चाइल्ड लॉक हाय की. ते लावा. फुकटात काम."

"त्यानं थांबल्यावर बी आतून उघडत न्हाई. कोंडल्यावानी होतं माणसाला."

राहुरीत नगर रस्त्याला केविनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर आणि पुढं लिंबाची सावली. सेंट्रल लॉक त्यानं ढिगानं बसवले होते, पण ही मागणी निराळी होती. घरातलं एक माणूस चालत्या व्हॅनचं दार उघडतं. दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला मागून ट्रक येत होता, थोडक्यात निभावलं.

"दोन मिनिटं त्याचं त्यालाच काय कळत न्हाई," कारभारी म्हणाले. "हात आपला दाराकडं जातो. मागनं विचारलं तर आठवत बी न्हाई."

केविननं व्हॅनमध्ये नजर टाकली. मधल्या सीटवर कारभाऱ्यांची आई, मुक्ताबाई, बसली होती. कारभारी दारात उभे होते आणि म्हातारीनं त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

केविननं आवाज खाली आणला. दुखणेकऱ्यासमोर दुखण्याची चर्चा करू नये, ही घरची शिकवण. "वय झालं की व्हायचंच, काका."

"डॉक्टर म्हणतात, वयाचा संबंध न्हाई."

व्हॅन कारभाऱ्यांच्या बायकोनं, आरतीनं, चालवत आणली होती. ती औषधं आणायला चौकात गेली होती.

"गाडी काकूंच्या ताब्यात दिसती," केविन म्हणाला. "लायसन काढून घेतलं काय तुमचं?"

"घेतल्यातच जमा. चार महिने झाले. मी मागं बसतो, आईपाशी."

"मज्जाय मग. राजावानी."

कारभारी हसले. म्हातारी हसली नाही.

आता वेगाची वायर शोधायची. गिअरबॉक्सवरचा सेन्सर चाक फिरेल तसे ठोके पाठवतो आणि एका वायरीतून ते मीटरपर्यंत येतात. ती वायर सापडली की लॉक चालवणाऱ्या डबीला कळतं, गाडी पळतेय की उभी आहे. मोबाईलवरच्या वायरिंगच्या नकाशात ती पिवळी होती. मीटर उचकटून पाहिलं तर मागं पिवळ्या तीन.

केविननं पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, मागचं एक चाक जॅकवर उचललं. चावी चालू केली.

"काका, सांगतो तवा चाक हातानं फिरवायचं. हळू, पण थांबायचं न्हाई."

"आईला घेऊन बसतो की मागं चाकापाशी."

केविन व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्डखाली शिरला आणि त्याचं टोक एकेका वायरीला लावत गेला.

पहिली पिवळी. बारा. बारा. बारा. ही नव्हे.

दुसरी. काहीच नाही. दिवा लावला की बारा. हीही नव्हे.

तिसरी.

शून्य. पाच. शून्य. पाच. शून्य.

"घावली," केविन म्हणाला. "फिरवत ऱ्हावा."

पाच. शून्य. पाच.

पाच.

पाच.

"काका, फिरवा की."

आकडा जागचा हलेना. केविननं टोक दाबून पाहिलं, वायरींचा कपलर हलवला. सांधा लूज असणार, त्याला वाटलं. इथं लूज राहिलं, तर ऐन रस्त्यात डबीला गाडी उभी वाटेल आणि दारं मोकळी होतील. मग ह्या सगळ्याचा काय उपयोग?

शून्य. पाच. शून्य.

तो अंग चोरत बाहेर आला. चाकापाशी मुक्ताबाई बसली होती. एका हातानं चाक फिरवत होती, दुसऱ्या हातात लेकाचा दंड. कारभारी तिच्याशेजारी उकिडवे बसून रस्त्याकडं बघत होते.

"आजी, तुमी कशाला? हात सापडंल. काका, लक्ष ठेवा जरा."

"दमला असंल त्यो," म्हातारी म्हणाली. "तू तुझं बघ."

केविननं सांधा नव्यानं डाग देऊन पक्का केला, वर टेप गुंडाळली. डबी बसवली. लॉक हातानं वर ओढता येऊ नये म्हणून दारांच्या आतल्या खुंट्या काढून टाकल्या. तोवर आरती परतली. तिनं एक गोळी पाण्यासकट मागं दिली. कुणी घेतली ते केविननं पाहिलं नाही; तो जॅक उतरवत होता.

मग फेरी. आरतीनं विद्यापीठाच्या रस्त्याला गाडी घातली, केविन तिच्या शेजारी, मायलेक मागं. काटा दहावर गेला आणि चारी दारं खट्ट बसली. केविननं आरशात पाहिलं. मुक्ताबाईचा हात दाराच्या कडीवर होता. ती ओढत होती. पुन्हा ओढली. दातओठ खाऊन ओढली. दार हललं नाही.

बरं झालं आपण केलं, केविनला वाटलं.

गतिरोधकापाशी आरतीनं गाडी थांबवली. खट्ट. म्हातारीनं कडी ओढली, दार सरकलं. तिनं बाहेर डोकावून पाहिलं आणि आपल्या हातानं ते लावून घेतलं.

"झाक झालं," ती म्हणाली.

दुकानाशी आल्यावर केविननं कारभाऱ्यांना बाजूला बोलावलं. म्हातारीच्या कानावर जाऊ नये म्हणून अगदी जवळ जाऊन बोलला.

"काका, एक छुपं बटण ठेवलंय. उद्या अपघात झाला, गाडी पेटली, तर दारं उघडायला. काकूंना सांगून ठेवतो, पण मागं बसणाऱ्या शहाण्या माणसाला बी ठाऊक पाहिजे. चला, जागा दाखवतो."

कारभारी दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी रस्त्याकडं तोंड केलं.

"मला नको. आईला दाखव," ते म्हणाले. "मला जागा कळली, तर माझा हात तिथं बी जाईल."