तारा कोणाच्या छपरावरून?

वीजवाहिनीच्या जनसुनावणीत नकाशावर दोनच मार्ग होते: एक माझ्या घरावरून, दुसरा धाकट्या जावेच्या. आमच्यात अकरा वर्षांचा अबोला असल्याने तारा तिच्या छपरावरून न्याव्यात, असा खणखणीत अर्ज मी लिहून आणला होता. पण पुकारा आधी तिचा झाला. ती उठून अधिकाऱ्याला म्हणाली, “साहेब, माझ्याच घरावरून न्या. थोरल्या जाऊबाईंना पंख्याच्या आवाजानेसुद्धा झोप लागत नाही. डोक्यावर तारा गुणगुणल्या तर त्या अख्ख्या वस्तीला जागं ठेवतील!” सभागृह हसले. माझ्याकडे न पाहताच तिने संमतीपत्रावर सही केली. हा टोमणा होता की माया, उमगेना. “आजी, तुमची काहीच हरकत नाही ना?” अधिकाऱ्याने विचारले. अर्ज मुठीत चुरगाळून मी ताडकन उठले, “माझी सक्त हरकत आहे!” कोणत्या मार्गाला, हे मात्र दोनदा विचारूनही मला सांगता आले नाही.